तुम्ही विचारलंत म्हणून: उंदराला भास होतो हे कळतं कसं?

बडोद्याच्या दांडिया बाजारात गणपतीच्या आरतीला गेलो की प्रसाद हातात पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "काका, उंदराला भास होतोय हे तुम्हाला कळतं कसं?" मागून ठरलेला विनोद: "मूषकालाच विचारा ना!"

नाही कळत. आम्ही प्रयोगशाळेत भास मोजतच नाही. डोक्याचे झटके मोजतो.

२५ ग्रॅमच्या काळ्या उंदराला डीओआय नावाचं भास घडवणारं रसायन द्यायचं, किलोला १ मिलिग्रॅम. मिलीत ०.१ मिलिग्रॅमचं द्रावण असेल तर पोटात ०.२५ मिली टोचायचं. थोड्याच वेळात तो कानात पाणी गेल्यासारखं डोकं फटकन झटकतो. वेग सेकंदाला सुमारे ९० हेलकाव्यांचा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी मोजणारा फसतो: कान खाजवणं, अंग चाटताना बसलेला हिसका, सगळं मोजणीत घुसतं. म्हणून कवटीवर इवलंसं चुंबक बसवतात आणि भोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून झटका टिपतात.

हे झटके सेरोटोनिनच्या टू-ए रिसेप्टरमुळे येतात, म्हणजे सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या एका प्रथिनामुळे. तो नसलेल्या उंदरात एलएसडी या भास घडवणाऱ्या नशेच्या पदार्थानंही झटके येत नाहीत. २०२० साली ३६ पदार्थ ताडून पाहिले, तेव्हा उंदराला लागणारी मात्रा आणि माणसाला लागणारी मात्रा यांचा मेळ छान बसला. मात्रेचा हं. माणसाला काय दिसेल, ते यातून कळत नाही.

माझी खरी अडचण लिसुराइड. पार्किन्सनवरचं औषध, एलएसडीचं रासायनिक भावंड, त्याच रिसेप्टरवर बसतं; पण माणसाला एलएसडीसारखे भास होत नाहीत. उंदीरही डोकं झटकत नाही. शाबास! पण दुसरी चाचणी आहे: रॅटला, म्हणजे उंदराच्या मोठ्या भाऊबंदाला, आठवडेच्या आठवडे शिकवायचं, एलएसडी टोचलं तर ही कळ दाब, नुसतं सलाईन टोचलं तर ती. अशा तयार रॅटला लिसुराइड दिलं तर तो एलएसडीचीच कळ दाबतो. पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की रॅट निदान 'सांगतो' तरी, उंदीर नुसता झटकतो. आता कोणत्या तोंडानं सांगू?

झटक्यांची बाजू घ्यावी तर ५-एचटीपी, शरीरात ज्याचं सेरोटोनिन बनतं ते द्रव्य, आडवं येतं. भरपूर झटके, माणसं मात्र ते झोपेसाठी गोळी म्हणून घेतात. उलट केटामीन या भुलीच्या औषधानं माणसाला भास होतात, पण ते या रिसेप्टरच्या वाटेनं जात नाही, त्यामुळे ही चाचणी त्याच्या कामाची नाही.

"मग करता कशाला?" रोज डीओआय दिलं तर झटके घटतात, माणसालाही लागोपाठच्या दिवशी एलएसडी तेवढं चढत नाही. एवढं जुळतंय म्हणून करतो. त्या उंदराला दुसऱ्या दिवशी भास कमी होतात की नुसती मान थकते, हे मात्र आरतीला विचारू नका.