पॉजची वही : पहाटे पाचचा शो आणि मोडलेलं गणित

वही तीच आहे. दोनशे पानी, वरचं मुलीचं नाव आणि ‘इयत्ता आठवी, भूगोल’ खोडून मी ‘सिनेमे’ लिहिलंय. मागच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी एवढंच, की घरी पाहिलेला प्रत्येक सिनेमा मी किती वेळा थांबवला ते लिहून ठेवते. तारे-बिरे देत नाही. डाव्या बाजूला ‘घ’, म्हणजे घराने थांबवायला लावलं: कुकर, कुरिअर, सासूबाईंची नऊची गोळी, ‘अगं, माझा चार्जर कुठंय’. उजव्या बाजूला ‘मा’, म्हणजे कुणी काही म्हणालेलं नसताना मीच रिमोट उचलला. ‘घ’ हा संसाराचा दोष, ‘मा’ हा सिनेमाचा, असं माझं सरळ गणित होतं. ते मोडलं, तेच सांगायला बसलेय.

आधी प्रगती. २०२५ च्या जानेवारीत ‘घ’ एका सिनेमामागे सात-आठ असायचा. आता दोनावर आलाय. याचं श्रेय कुठल्या उपकरणाला नाही, पहाटे पाचला आहे. रविवारी पाचला उठते, चहा करून थर्मासात भरते आणि बसते. नाशकात डिसेंबरात त्या वेळी स्वेटर, मफलर, वर शाल असा थाट लागतो, पण पावणेसातपर्यंत घर माझं. पावणेसातला दूधवाला. म्हणजे पावणेदोन तासांचा सिनेमा बसतो, अडीच तासांचा बसत नाही. तेव्हा ‘सिनेमा फार लांबलाय’ असं मी कुठे लिहिलं असेल तर त्यात थोडा दूधवाल्याचा हात आहे, हे धरून चाला.

दुसरी सुधारणा फुकटातली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करणारं एक बटण असतं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने बनवून घुसडतो आणि मग कितीही खर्चिक सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. क्रिकेटला ते ठीक आहे. नवरा मॅचच्या आधी ते गुपचूप चालू करतो आणि मला रविवारी पहिल्या मिनिटात कळतं.

वहीतलं पहिलं पान ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’चं. पायल कपाडियांचा हा सिनेमा २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेला, तिथे तीस वर्षांनी भारतीय सिनेमा पोचला होता, आणि ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, घेऊन आला. ३ जानेवारी २०२५ ला ओटीटीवर आला. मी त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला लावला. स्वयंपाकघरातली ट्यूब चालू, नवरा लॅपटॉपवर, सासूबाई शेंगा सोलत. घ ८, मा ३. वहीत शेरा: ‘सावकाश. दिसत नाही नीट.’

हा शेरा मला आता वाचवत नाही. मार्चमध्ये तोच सिनेमा पहाटे पाचला काळोखात पाहिला. मा ० आणि घ पण ०. ‘दिसत नाही’ म्हणून मी जे सिनेमाच्या नावावर मांडलं होतं ते आमच्या ट्यूबलाइटचं होतं. पहिला अर्धा भाग मुंबईचा पावसाळा आहे, निळा, ओला, लोकलच्या खिडकीतून दिसणारा, आणि रणबीर दास यांच्या कॅमेऱ्याने अंधारात इतकं काही ठेवलंय की खोलीत एक बल्ब जरी चालू असला तरी ते पुसलं जातं. (ओटीटीवर काळ्या भागात पट्टे-पट्टे दिसतात, त्याला मात्र पहाटही औषध नाही.) नवऱ्याकडून जर्मनीहून येणारा तो लाल राइस कुकर आणि रात्री जमिनीवर बसून त्याला कवटाळणारी नर्स प्रभा. पहिल्या वेळी या दृश्यात मी उठून आमचा कुकर बंद करायला गेले होते. काय म्हणायचं यावर!

छाया कदमांची पार्वती मला सगळ्यांत जवळची. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, मूळची रत्नागिरीकडची, वर्षानुवर्षं मुंबईत राहिलेली आणि कागद नाहीत म्हणून बिल्डरने उठवलेली. प्रभा आणि ती मिळून बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात तेव्हा मी पहाटे साडेपाचला एकटीच हसले. त्यात रडगाणं कुठे नाही. मग सिनेमा कोकणात जातो आणि त्याचा रंग, चाल, श्वास सगळंच बदलतं. काहींना हा दुसरा भाग सुटल्यासारखा वाटला. मला वाटतं तिथे सिनेमा प्रत्यक्षातून थोडा वर उचलला जातो आणि ते जमायला पहिल्या भागातली घुसमट लागतेच.

पुढे मालेगाव. याला जास्त जागा देणार, कारण आमचं नाशिकपण आड येतं. आग्रा रोडने शंभरेक किलोमीटर. माझ्या नवऱ्याची पहिली नोकरी तिथली आणि ‘शुक्रवारी लूम बंद, थेटरं भरलेली’ हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरला लागला, आम्ही तो नंतर घरी पाहिला. लेखन वरुण ग्रोव्हरांचं, नासिर शेखच्या भूमिकेत आदर्श गौरव. व्हिडिओ पार्लर चालवणारा एक माणूस दोन व्हीसीआर जोडून कापाकापी शिकतो आणि गावातल्या यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढतो, ही खरी गोष्ट. घ ४ (नवरा दर दहा मिनिटांनी ‘थांबव, तो चौक ओळखतो मी’ म्हणायचा, हे घ मध्येच धरलंय), मा १.

तो एक ‘मा’ कुठे आला ते बघा. मध्यंतरानंतर मित्र फाटतात, रुसवे, मान-अपमान, मग आजारपण आणि पुन्हा एकत्र येणं. विनीत कुमार सिंगने लेखकाची कडवट भूक फार नेमकी उभी केलीय, शशांक अरोराचा शफीक तर डोळ्यांतून हलत नाही. तरीही पाहताना मला कळत होतं की आता इथे डोळे पुसायचे. तिथे मी पॉज केला, पाणी प्यायले आणि त्याच रात्री नवऱ्याला म्हटलं, मूळ माहितीपट शोध.

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, २००८ चा, जेमतेम तासाभराचा. नवीन नाही, तरी नव्या सिनेमाच्या शेजारी हा ठेवल्याशिवाय मत देऊ नये. यात नासिर शेख स्वतः आहे, ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढतोय. सायकलवर कॅमेरा म्हणजे ट्रॉली शॉट, बैलगाडीचा दांडा वर-खाली म्हणजे क्रेन. कॅमेरा पाण्यात पडतो. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावरचा काडीपैलवान कामगार. शूटिंग सुरू असताना त्याचं लग्न निघतं आणि सुपरमॅन बोहल्यावर चढायला जातो. कुणी डोळ्यांत पाणी आणा म्हणत नाही. सगळे हसत असतात, आपणही, आणि मग कळतं की शफीक यानंतर फार दिवस जगला नाही. तेव्हा आधीचं सगळं हसू परत आठवतं.

नव्या सिनेमाने मैत्री सांगितली, माहितीपटाने काम दाखवलं. माझं मत माहितीपटाला. नवऱ्याचं सिनेमाला. वहीत दोन्ही नोंदवलीत. घ ०, कारण तो चौक ओळखायचं विसरून गप्प बसला होता.

आता गणित मोडलं ती पानं.

‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला. टोरांटो महोत्सवात २०२३ मध्ये नेटपॅक (आशियाई सिनेमासाठीचा) पुरस्कार मिळाला आणि आपल्याकडे ७ मार्च २०२५ ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी लागला. माझं माहेर वणीचं, म्हणजे वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर. ती बोली ऐकली की मी टीव्हीला उत्तर द्यायला लागते.

सुरुवातच उलटी आहे: बायका सोफ्यावर, मुलगा ट्रे घेऊन येतो, त्याला उंची विचारतात. मी खो-खो हसले. मग खरे कार्यक्रम सुरू होतात. तेच बसणं, तेच प्रश्न, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आणि बाहेर गेल्यावर होणारी कुजबुज. दिग्दर्शक ते पुन्हा पुन्हा दाखवतो, जवळपास त्याच कोनातून. एखाद्या समीक्षकाला ते कंटाळवाणं वाटेल. मी नऊ वेळा बसलेय तशी. पाचव्या वेळेपर्यंत साडीची निरी कशी पडलीय याकडेसुद्धा लक्ष राहत नाही, फक्त पोह्याच्या बशीत कुणी किती शेंगदाणे बाजूला काढले ते दिसतं. नायिका सवितेच्या बापाचा कापूस आणि तिचं लग्न एकाच बाजारभावाला बांधलेले आहेत, हे सिनेमा एकही भाषण न देता सांगतो. नंदिनी चिकटे ही मुलगी अभिनय करतेय असं एकदाही वाटलं नाही.

मा ५. पाच वेळा मी स्वतःहून थांबवला. माझ्या जुन्या हिशेबात हा वाईट सिनेमा ठरतो. प्रत्यक्षात वर्षभरात पाहिलेल्यांत हाच मी सगळ्यांना आधी सांगते. एका पॉजमध्ये मी आईला फोन केला, साडेसहाला. ती म्हणाली, ‘एवढ्या सकाळी काय झालं वं?’ मी म्हटलं, काही नाही.

दुसरं पान ‘द परफेक्ट नेबर’चं. भारतीय वंशाच्या गीता गंदभीर यांचा अमेरिकेतला माहितीपट, सनडान्स महोत्सवात २०२५ मध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार, ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर. फ्लोरिडातल्या ओकाला इथली घटना. मुलं घराशेजारी खेळतात म्हणून एक बाई वारंवार पोलिसांना फोन करते आणि जून २०२३ मध्ये बंद दारातून गोळी झाडते. दाराबाहेर चार मुलांची आई, अजिके ओवेन्स. आरोपीला पुढे पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. जिवाला धोका आहे असं सकारण वाटलं तर मागे न हटता गोळी झाडण्याची मुभा देणारा तिथला कायदा या सगळ्याच्या मुळाशी आहे.

जवळजवळ सगळा माहितीपट पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचा आहे. समोर बसून आठवणी सांगणारे तज्ज्ञ नाहीत. सुरुवातीला त्या रुंद भिंगाची, वाकड्या कडांची सवय व्हायला वेळ लागतो. आणि मग लक्षात येतं की हा कॅमेरा कुणाकडे बघायचं ते ठरवत नाही, पोलीस वळला की तो वळतो. पोलीस प्रत्येक वेळी येतात, समजूत काढतात, जातात. गल्लीतली मुलं, एखादी आई वैतागलेली, सगळं इतकं नेहमीचं की आमच्या सोसायटीत चेंडूवरून होणारी भांडणं आठवावीत. गंदभीर मुळात संकलक आहेत आणि ते इथे कळतं, कारण नेहमीच्याच फेऱ्यांतून भीती हळूहळू वर चढत जाते.

मुलांना त्यांच्या आईबद्दल सांगतात, ते दृश्य आलं आणि मी थांबवला. मा १. वीस मिनिटं पुन्हा लावला नाही. हे मी बघावं का, पाच वाजता, पायांवर शाल घेऊन? दिग्दर्शिकेच्या नात्यातल्या माणसांचा त्या कुटुंबाशी घरोबा होता हे माहीत असूनही प्रश्न सुटला नाही. नंतर पूर्ण पाहिला. मत अजून शाईने लिहिलेलं नाही, पेन्सिलीने आहे.

तेव्हा ‘मा’चे आता दोन रकाने केलेत. ‘मा-कं’ कंटाळ्याचा, ‘मा-ज’ जड झालं म्हणून. ‘सुपरबॉइज’चा तो एक ‘मा’ कशात टाकायचा यावर मी अजून अडकलेय.

बाकीचं भराभर. ‘दशावतार’: ८१ व्या वर्षी दिलीप प्रभावळकर काय करतात ते बघायला तरी लावा. दशावतारी रंगपटातला पहिला भाग मला फार आवडला, उत्तरार्धात खलनायक एकेक करून संपवायचे म्हणून संपवल्यासारखे वाटतात. मा-कं २. मालवणी संवाद टीव्हीच्या स्पीकरमधून निम्मे हरवले. खाली अक्षरं होती, पण इंग्रजी. मग वरच्या मजल्यावरच्या कणकवलीच्या काकूंना बोलावलं, त्यांनी भाषांतर केलं आणि खाजाही आणला. घ मोजले नाहीत.

‘होमबाउंड’, नीरज घायवान यांचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये ओटीटीवर आला. भाचा पुण्याहून आला होता, पोलीस भरतीची तयारी करतोय. म्हणून पहाटे नाही, रात्री, पूर्ण अंधार करून. बशारत पीर यांनी टाळेबंदीत सुरतेहून घरी निघालेल्या दोन मित्रांवर लिहिलेल्या लेखावरून हा सिनेमा सुचलेला. भरतीसाठी स्टेशनवर उसळलेली गर्दी आली आणि भाचा सोफ्यावरून उठून उभाच राहिला, शेवटपर्यंत उभा. आईच्या टाचांच्या भेगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना मी आणखी काय सांगू. मा ०, दोन्ही रकान्यांत. शेवटची नावं संपायच्या आत भाचा गच्चीवर गेला होता.

पुढच्या रविवारची अडचण अशी की मुलगीही पाचला उठणार म्हणतेय. आवाज बारीक ठेवला तर संवाद जातात, मोठा केला तर सासूबाई उठतात. एकाच टीव्हीला दोन हेडफोन एका वेळी कुणी जोडलेत का? आमचा टीव्ही दुसरा जोडला की पहिला सोडतो. वायरवाले चालतील, पण सोफा टीव्हीपासून अकरा फुटांवर आहे.