लेथवरून बाणाकडे: आमची वाटचाल

गोव्यातल्या डिचोलीत आमचं वर्कशॉप खाणीच्या ट्रकांच्या बुश-पिनांवर उभं राहिलं. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि लेथ झाकून ठेवायची पाळी आली. बँकेचा हप्ता मात्र थांबला नव्हता. भागीदाराची मुलगी तिरंदाजी शिकत होती. तिच्या कार्बन बाणाचा इन्सर्ट (बाणाच्या पोकळ दांड्यात चिकटवलेली, टोक आटवायची छोटी नळी) निघून आला, तो मी ॲल्युमिनियमचा नवा काढून दिला. तिच्या सोबतची मुलं आली, मग त्यांचे क्लब आले. पुढची वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं ते 2016 च्या पावसाळ्याचं. सहा डझन बाणांची ऑर्डर होती, मुदत चार दिवसांची. शाफ्ट, म्हणजे बाणाचा दांडा, कापल्यावर आत कार्बनची पूड राहते. ती अल्कोहोलच्या बोळ्याने, बोळा काळा व्हायचा थांबेपर्यंत पुसायची असते. घाईत एकदाच पुसली. इपॉक्सी गोंद पुडीलाच चिकटला. मुलं बाण ओढत तेव्हा हातात नुसता शाफ्ट येई, इन्सर्ट लक्ष्यातच राहून जाई. बहात्तरच्या बहात्तर परत घेतले, पैसे परत केले. चूक आमचीच. पण मडगावचा एक दुकानदार, ज्याने तोवर आमचेच इन्सर्ट डब्याने नेले होते, तो गावभर सांगत सुटला की डिचोलीवाल्यांना बाण कशाशी खातात ते ठाऊक नाही. क्लब तुटले. चवथीच्या आधी भागीदारही निघून गेला. त्याच्यावर राग नाही. दुकानदारावर अजून आहे.

डिसेंबरात बाणावलीचा एक तारवटी, म्हणजे खलाशी, आला. आता कॅनडात स्थायिक, तिथे परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतो. (आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, त्यामुळे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं पात्यांचं टोक, आम्ही विकत नाही. कृपया विचारू नये.) म्हणाला, "पात्रांव, फील्ड पॉइंट मध्यात बसतो, ब्रॉडहेड वीतभर डावीकडे." फील्ड पॉइंट म्हणजे सरावाचं बिनपात्याचं टोक. स्थिर पात्यांचं डोकं म्हणजे बाणाच्या पुढे बसवलेले पंखच. फील्ड पॉइंट जो वाकडेपणा पोटात घालतो, तो ही पाती चव्हाट्यावर आणतात.

शाफ्ट व्ही-ब्लॉकवर, म्हणजे खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून फिरवला. टोक गरगरत होतं. तेच डोकं दुसऱ्या शाफ्टवर लावलं, तिथे ते स्थिर. म्हणजे खोट शाफ्टात. कापलेलं तोंड चौरस, म्हणजे शाफ्टाला काटकोनात, नव्हतं, पाइप-कटरने चेपून कापलेलं. कुठे कापून घेतले विचारलं, तर मडगाव! मी काही बोललो नाही, फक्त हसलो. अपघर्षक चाकावर तोंडं सरळ केली, इन्सर्ट बसवले, चोवीस तास हात लावला नाही. बाराही बाण लट्टूसारखे एका जागी फिरले.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तो येतो, निम्मे पैसे आगाऊ टाकतो. परशुरामाचा बाण पडला ते आपलं गाव, हे तो दरवर्षी ऐकवतो आणि वर म्हणतो, "तो सरळ कापलेला होता, म्हणून गाव वसलं." त्याच्या ओळखीनेच क्लब हळूहळू परतले.

कोणी विचारलं नाही तरी सांगतो. 100 ग्रेनचं (ग्रेन हे टोकाच्या वजनाचं माप) डोकं काढून 125 चं लावलं की पुढे दीड ग्रॅमच वाढतो, पण शाफ्ट मऊ असल्यासारखा वागू लागतो. आधी स्पाइन, म्हणजे शाफ्टाचा ताठपणा, बघा, मग धनुष्याला दोष द्या. तीन पाती तीन पिसांच्या रेषेत आणायचा खटाटोपही नको, टोक फिरताना हललं नाही की झालं. कापताना तोंडावर मास्क हवाच. आणि उष्णतेने वितळणारा गोंद वापरायचा तर कमी तापमानाचा, कार्बनला थेट आच दाखवू नका.

मडगावच्या दुकानात हल्ली "चौरस तोंडाची हमी" अशी पाटी लागली आहे, म्हणे. शब्द आमचे, बिलावर 2017 पासून छापलेले. जुनी बिलं मी जपून ठेवली आहेत.