सांडशी

मंगळवार, रात्रीचे अकरा.

सकाळी दूध वर आलं आणि मला शब्दच सापडेना. "माई, ते दे ना... ते... पातेलं उतरवायचं..." हात तसाच पुढे. दूध ओट्यावरून खाली. माईने सांडशी हातात दिली आणि मी तिच्यावरच खेकसले. तिने एवढंच विचारलं, "गोळी घेतलीस का?"

घेतली होती गं.

दिवसभर तेच डोक्यात. मी चिडले की मी चिडलेलीच नसते, आजार चिडलेला असतो. नाहीतर गोळी चुकलेली असते. गोळी घेतली म्हणून चिडले असेन, हे कुणाच्या मनातही येत नाही.

टोपिरामेट मुळात फिट्सचं औषध. मॅनियावर, म्हणजे माझ्या आजारात मन बेफाम उसळतं त्यावर, त्याचा उपयोग चाचण्यांत दिसला नाही. मला दिलंय ते आधीच्या गोळ्यांनी वाढलेलं वजन कमी व्हावं म्हणून. 25 मिलिग्रॅमपासून चढत 100 वर आले. वजन उतरलं खरं. पण बोटांना मुंग्या येतात, आणि परवा लिंबू-सोड्यातला सोडाच गेलेला लागला. गाडीवाल्याशी भांडले बिचाऱ्याशी. तोही याच गोळीचा परिणाम, नंतर वाचलं. शब्द अडणं, चिडचिड, मन खचणं, सगळं त्या माहितीपत्रकात आहे. 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फिट्सच्या औषधांबद्दल आत्महत्येच्या विचारांचा इशारा दिला होता. 199 चाचण्यांत मिळून औषधावरच्या लोकांत 0.43 टक्के, औषध नसलेल्या गोळीवर 0.24. दादा म्हणाला, आकडा केवढासा आहे. मागच्या श्रावणातलं त्याला... जाऊ दे.

रविवारचं शब्दकोडं चहा निवायच्या आत सुटायचं माझं. आता सांडशी अडते. पण माई तरी काय विचारणार? त्या वर्षी गोळी खरंच चुकली होती, आणि निस्तरलं तिनेच.

एकदम बंद करायची नाही, फिट येऊ शकते, हे माहीत आहे. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तारखेनिशी लिहून आणा, शुक्रवारी डोस बघू. कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला घेतलं: सांडशी. उंबरठा. शेजारच्या काकूंचं नाव.

आत्ता पाणी प्यायला उठले तर खाली माईच्या अक्षरात एक ओळ होती. "मंगळवार. सकाळी चिडली. गोळी घेतली होती."