सुत, बाप आणि कोनफळाचा वेल

इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात जावानीज भाषा शिकायला गेले तेव्हा बेत ठरलेला होता: जुन्या काव्यांतल्या 'झाडं तोडू नका' असं सांगणाऱ्या ओळी शोधायच्या, प्रबंधात डकवायच्या, मोकळं व्हायचं. 'सेरात चेंतिनी' उघडलं. १८१४ साली सुराकार्ताच्या युवराजाने दरबारी कवींना लिहायला बसवलं, तो हा अवाढव्य पद्यग्रंथ. लिपीने फार छळलं नाही. ह-न-च-र-क अशी वीस अक्षरं, जोडाक्षरातलं दुसरं बहुतेक वेळा खाली लटकतं. पण महिनाभर पानं उलटून हाती आली ती लाकडांची, औषधी पाल्यांची नावं. ताकीद एकही सापडली नाही.

शेवटी माझ्या शिक्षिकेने (त्यांना मी 'बू' म्हणायचे) वही मिटायला लावली आणि 'प्रनाता मांग्सा' काढलं. शेतकऱ्यांचं पंचांग, १८५५ मध्ये सुराकार्ताचे राजे पाकुबुवाना सातवे यांनी पक्कं केलेलं. वर्ष २२ जूनला सुरू, मांग्सा म्हणजे ऋतू बारा. कुठला ४१ दिवसांचा, कुठला २३चा. प्रत्येकाला कोड्यासारखी एक ओळ. पहिल्याची: कोंदणातून रत्न निखळलं.

"पानगळ," मी म्हटलं. बरोबर निघालं, तशी मी हुरळून तिसऱ्यावर उडी मारली. 'सुता मानुत इंग बापा.' सुत तर आपल्या घरचाच शब्द! मुलाने बापाचं ऐकावं, संस्काराची ओळ दिसते.

बू खो खो हसल्या. "म्बाक (म्हणजे ताई), या इकडे." परसात कोनफळ लावलेलं, तिथलं 'उवी'. शेजारी बांबूची काठी. वेलाचा शेंडा काठीला दीड वेढा घालून पुढचा आधार चाचपत होता. काठी म्हणजे बाप. २५ ऑगस्टपासूनच्या २४ दिवसांत कंदांचे वेल असे चढू लागतात.

मग धडे परसातच होऊ लागले. राजवाड्याच्या आवारात लावतात त्या सावो केचिकचं (आपल्या रांजणीचं भावंड) गुपितही तिथेच कळलं. 'केचिक'मध्ये त्यांना 'सार्वा बेचिक' ऐकू येतं, म्हणजे सगळं चांगलं. असलं झाड कोण तोडणार? माझ्या 'तोडू नका'पेक्षा हा श्लेष फारच बेरकी.

१८ सप्टेंबरला चौथी ओळ निघाली. तिच्यात 'वास्पा' होतं, आपलं बाष्प: काळजात दाटलेले अश्रू. बूंनी अर्थ विचारला. मी आधी उठून विहिरीत वाकून पाहिलं.