शॉकअपसाठी संभाजीनगर

केजच्या अलीकडं एक गतिरोधक आहे. आमची गाडी त्यावरून गेली की आधी उडायची, मग खाली बसायची, मग पुन्हा वर यायची, आणि तिसऱ्या हेलकाव्याला बायको मागून माझ्या पाठीत बोट खुपसायची. "अहो, ही गाडी आहे का दमणी?" दमणीला निदान बैल तरी असतात, हे मी मनातल्या मनात म्हणायचो.

गाडी म्हणजे ॲडव्हेंचर प्रकारातली मोटरसायकल, सहा वर्षं झालेली, ५८ हजार किलोमीटर पळालेली. मी बँकेत पीककर्जाचं काम बघतो, त्यामुळं यातले निम्मे किलोमीटर डांबरावर नाहीत, पाणंदीतले आहेत. आमच्या काळ्या मातीतली पाणंद ज्यानं पावसाळ्यात पाहिली असेल त्याला पुढचं सांगायला नको. चिखल चाकाला नाही, चाक चिखलाला चिकटतं. मागच्या शॉकच्या चकचकीत दांडीवर गेल्या पोळ्यापासून एक काळं तेलकट कडं दिसायला लागलं होतं. पुसलं की दोन दिवसांत परत. सील गेलं होतं.

अंबाजोगाईतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिकचं म्हणणं सरळ होतं. "सर, कंपनीचाच टाका. डोकं लावू नका." चौकशी केली तर कंपनीचा शॉक सात हजार आठशेला आणि यायला महिना. दुसरा पर्याय एक मित्र आधीच करून बसला होता: ऑनलाइन मागवलेला सहा हजारांचा शॉक, शेजारी लाल रंगाचा गॅसचा डबा, बघायला एकदम रॅलीची गाडी. चार महिन्यांत त्याची गाडी माझ्यापेक्षा जास्त डुलायला लागली. आम्ही तो डबा उघडला. शॉकच्या अंगाकडं जाणारं भोकच नव्हतं. आत हवा होती, तीही साधी, अंबाजोगाईची.

तेव्हा कुणीतरी संभाजीनगरच्या मोंढा नाक्याजवळच्या एका उस्तादांचा नंबर दिला. शॉक खोलून दुरुस्त करतात, नवेही बसवतात. फोन लावला, गाडीचं मॉडेल सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"गाडी मेरे को मालूम है. पहले ये बोलो, तुम्हारा वजन कित्ता है?"

"चौऱ्याऐंशी."

"और भाभी का?"

फोन स्पीकरवर होता. मी बायकोकडं पाहिलं, तिनं बोटांनी काहीतरी दाखवलं. "अठ्ठावन," मी म्हणालो. पलीकडून शांतता. मग, "भाई, स्प्रिंग को झूठ नहीं चलता." तिनंच जवळ येऊन "बासष्ट" सांगितलं आणि आत निघून गेली.

उस्तादांनी अभ्यास दिला: येण्याआधी घरी सॅग मोजून आणा. गाडी आपल्या आणि माणसांच्या वजनानं किती खाली बसते, ते माप. रविवारी सकाळी अंगणात हा कार्यक्रम झाला. शिवणाची टेप, मागच्या आखाच्या नटापासून वर कॅरियरवर खडूनं केलेल्या खुणेपर्यंत. आधी मी आणि शेजारचा पोरगा, दोघांनी मागून गाडी उचलून धरली, चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं. माप ६१० मिलिमीटर. मग गाडी सोडली, नुसती उभी. ५८८. मग मी बूट, हेल्मेट, जाकीट सगळं घालून बसलो, भर सकाळी स्वतःच्याच अंगणात, गल्लीतली माणसं बघतायत. ५४०. मग बायको, मागून बॅग. ५००. ती आकडे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत होती आणि शेवटचा आकडा लिहायला खाली उतरली तर गाडी परत वर आली, म्हणून तो पोरानं लिहिला.

हिशोब असा. मागच्या चाकाला वरखाली व्हायला एकूण १८० मिलिमीटर जागा. स्वार बसल्यावर त्यातली साधारण ३० टक्के, म्हणजे ५४च्या आसपास खर्ची पडावी. माझी पडत होती ७०. दोघं आणि बॅग धरून ११०. म्हणजे खड्डा यायच्या आधीच गाडी निम्म्याहून जास्त बसलेली. उरलेल्या ७०मध्ये काय काय सोसणार?

मेकॅनिक म्हणाला, प्रीलोड चढवा की, म्हणजे स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी कडी आवळा. चढवला, शेवटपर्यंत. माझं माप ५२वर आलं, अगदी पुस्तकी. मी खूश. फोनवर उस्तादांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "खाली गाडी कित्ती बैठती?" नुसती गाडी आता फक्त चार मिलिमीटर बसत होती. तिथंच सगळी गोम आहे, आणि मला हे सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. स्वाराचं माप बरोबर आणायला इतका प्रीलोड लागतो की रिकामी गाडी बसतच नाही, तर समजायचं स्प्रिंगच तुमच्या वजनाला नरम आहे. रिकामी गाडी १०-१५ मिलिमीटर तरी बसली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात चाक खाली जायला जागाच राहत नाही आणि मागचा टायर हवेत.

म्हणजे माझी दुखणी दोन होती. बसण्याचं दुखणं स्प्रिंगचं. डुलण्याचं दुखणं गळलेल्या तेलाचं, कारण हेलकावे तेच थोपवतं. कंपनीचा नवा शॉक दुसरं बरं करणार होता, पहिलं तसंच ठेवून.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. सिडकोत बायकोची बहीण राहते, त्यामुळं तिला यायचंच होतं. धपाटे, दह्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी तिनं रात्रीच बांधून ठेवली होती. केज, नेकनूर, मांजरसुंब्याला मोठा रस्ता लागतो. डावीउजवीकडं डोंगर हिरवे होते, कपिलधारचा धबधबा बघून जाऊ असं ती म्हणाली, येताना बघू असं मी म्हणालो. (येताना बघितला नाही. हे वाक्य तिच्या आग्रहावरून लिहिलंय.)

सोलापूर-धुळे महामार्ग आता असा झालाय की बिघडलेला शॉकही त्यावर शहाण्यासारखा वागतो. बीड, गेवराई कधी गेलं कळलं नाही. इतका गुळगुळीत रस्ता की मला वाटायला लागलं, उगाच खर्च करतोय. मग शहागडचा गोदावरीवरचा पूल आला. पुलाच्या प्रत्येक जोडावर खाडकन आवाज, आणि तो आवाज मला नवा होता: बसल्याचा नाही, काहीतरी सैल असल्याचा. पुढं पाचोडला धपाटे खाताना मी गाडीचं मागचं चाक धरून वर उचलून पाहिलं. शॉक दबायच्या आधीच चाक बोटभर हललं.

उस्तादांचं गॅरेज म्हणजे दहा बाय बारा. भिंतीला शॉक टांगलेले, बोकडं टांगावीत तसे. कोपऱ्यात एक जुनी राजदूत, मागं दोन शॉकची. तिच्याकडं बोट दाखवून ते म्हणाले, "उसमें सिर्फ दो थे, बस. इसमें एक है, लेकिन उसके नीचे पूरा खानदान है." खानदान म्हणजे लिंकेज: शॉक आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांना जोडणारे आडवेतिडवे तुकडे, त्यात सुईसारख्या बारीक रोलरची बेअरिंगं. बोल्ट काढला. बेअरिंगमधून ग्रीस नाही, तांबडी पूड बाहेर पडली. चिमटीत धरून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली, अंगारा द्यावा तशी. रोलर निम्मे गायब, उरलेले एका बाजूनं चपटे. काळी माती, पाणी, आणि सहा वर्षांत एकदाही ग्रीस नाही. पुलावरचा आवाज हा होता. नवा शॉक घालून मी घरी गेलो असतो तरी तो आवाज माझ्यासोबत आला असता, आणि मी शॉकला शिव्या घातल्या असत्या.

जुना शॉक दुरुस्त करायचा पर्याय अजून डोक्यात होता. साडेचार हजारांत काम होणार होतं: कारखान्यात बंद केलेला शॉक कापून उघडायचा, सील आणि तेल बदलायचं, नायट्रोजन भरायला व्हॉल्व्ह बसवायचा. उस्तादांनी दांडी पुसली आणि माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. "नाखून लगाओ." एका जागी नख अडकलं. क्रोम उडून बारीक खड्डा पडला होता, दिसत नव्हता पण नखाला कळत होता. नवं सील या खड्ड्यावरून हजार वेळा घासणार, तीन महिन्यांत फाटणार. हार्ड क्रोम परत चढवून, घासून घेता येतं, इथं एमआयडीसीत होतं ते काम, पण दोन आठवडे आणि तेवढेच पैसे. संपलं.

मग भिंतीवरचे नवे. एक स्वीडनचा ओहलिन्स, सोनेरी, हातात घेतला तर परत ठेवू नये असा. त्या भावात आमच्याकडं दारात दुभती गाय येते, आणि तिच्यासाठी कर्जही मीच मंजूर करतो. "वो दिल का मामला है," उस्ताद म्हणाले आणि तो परत टांगला. उरला थायलंडचा वायएसएस. त्यात दोन प्रकार: गॅसच्या वेगळ्या डब्याचा आणि बिनडब्याचा. भावात नऊ हजारांचा फरक. मित्राचा लाल डबा आठवून मी विचारलं, हा खरा तरी आहे का. खरा होता. त्याचा उपयोगही खरा: खराब वाटेवर तासन्‌तास जोरात हाणली की शॉकमधलं तेल तापतं, पातळ होतं, आणि मग थोपवायचं सोडून देतं, डब्यामुळं तेल जास्त मावतं, तापायला वेळ लागतो. पण मी पाणंदीत जातो तीसच्या वेगानं, आणि वीस किलोमीटरवर कुणाच्या तरी ओसरीवर चहाला थांबतोच. तेवढ्यात तेलही गार होतं, मीही. बिनडब्याचा घेतला, २१ हजार. खोलून दुरुस्त करता येणारा, तेल सोडण्याचा वेग फिरवता येणारा, आणि मुख्य म्हणजे स्प्रिंग आमच्या दोघांच्या वजनावर निवडलेली. बासष्ट धरून.

यातली एक गंमत मला तिथं उभ्या उभ्या जाणवली. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५चा, आणि शॉक, फोर्क बनवणारी एन्ड्युरन्सही वाळूजचीच. गावाच्या एका टोकाला शॉक घडतात आणि दुसऱ्या टोकाला मी थायलंडचा विकत घेतोय. उस्तादांना बोललो. ते म्हणाले, कारखान्याला लाखाच्या हिशोबानं गाड्या द्यायच्या असतात, त्यात सगळ्यांना चालेल असं एकच वजन धरावं लागतं. तू सगळ्यांमध्ये नाहीस, एवढंच.

बसवण्याआधी त्यांनी व्हर्नियर काढला. शॉकच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांमधलं, म्हणजे बोल्टच्या भोकांमधलं अंतर, बुशची रुंदी, बोल्टची जाडी, सगळं जुन्याशी ताडून. बाकी जसंच्या तसं, लांबी पाच मिलिमीटर जास्त. "चलता है," म्हणाले. पाच मिलिमीटर शॉकला म्हणजे चाकापाशी जवळजवळ चौदा, हे गणित मी तेव्हा केलं नाही. बेअरिंग, सील, मजुरी धरून आणखी दोन हजार चारशे. दुपारी साडूंकडं नान-खलिया, आणि साडूंचे प्रश्न: एवढ्या पैशात तर जुनी स्कूटी आली असती.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पैठणवरून उतरलो. नाथसागर भरलेला होता, बांधावर गर्दी होती, नाथांच्या समाधीला हात जोडले आणि आपेगाव, विहामांडव्याकडून शहागडचा आतला रस्ता धरला. उसाच्या ट्रॉल्यांनी खाल्लेला हा रस्ता म्हणजे परीक्षेचा पेपरच. पहिल्या एकट्या खड्ड्याला गाडी एकदा दबली आणि गप्प झाली. मी मागं पाहिलं. बायकोच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे चांगलं होतं. पण जिथं खड्ड्यामागं खड्डा अशी रांग लागली, तिथं गाडी प्रत्येक खड्ड्याला जरा जास्त खाली, जरा जास्त कडक होत गेली. थांबलो. शॉकच्या तळाशी एक नॉब असतो, वर येण्याचा वेग ठरवणारा. उस्तादांनी तो पूर्ण बंद करून बारा टिचक्या मागं सोडला होता. एका खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा येत असेल तर शॉक दबलेलाच राहतो. तीन टिचक्या अजून उघडल्या. परत मागं जाऊन तीच रांग घेतली. दोनदा. एक शेतकरी बैलं थांबवून आमच्याकडं बघत होता. "काही हरवलं का?" त्यानं विचारलं.

घरी आल्यावर पुन्हा टेप, पुन्हा कॅलेंडरची पाठ. नुसती गाडी १५, मी बसून ५०. दोघं आणि बॅग, प्रीलोडची कडी सहा फेरे चढवून, ६९. केजच्या गतिरोधकावर आता एकच हेलकावा येतो.

तक्रार एकच. गाडी मागून वर आल्यानं साइड स्टँड आखूड पडायला लागलाय, गाडी फारच तिरकी उभी राहते आणि वारा आला तर स्टँडच्याच बाजूला कलंडेल असं वाटतं. स्टँड कापून वाढवायला वेल्डरकडं जायचंय. तोवर लाकडाची एक फळी बरोबर ठेवतो, स्टँडखाली टाकायला. काळ्या मातीत तशीही लागतेच. परवा ती फळी नेकनूरला चहाच्या टपरीपाशी राहिली. टपरीवाल्यानं तिच्यावर स्टोव्ह ठेवलाय, असं कळतं.