एकतीस सह्या

आज रविवार, तरी सकाळी डिचोलीहून कुंडईला गेलो. शिफ्टला नाही, युनियनच्या मीटिंगला.

पॅकिंगमधल्या एका ताईंनी डब्याच्या पिशवीतून पगाराच्या स्लिपा काढल्या. सात महिन्यांच्या, जपून घड्या घातलेल्या, एकीवर हळदीचा डाग. ओव्हरटाइमच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, हे बरोबर आहे का बघा." बरोबर नव्हतं. जादा तासांना दुप्पट दर हे १९४८च्या कारखाने कायद्यापासून ठरलेलं आहे. त्यांना साधाच दर लावला होता. मागे त्यांनी एकटीनं विचारलं, तर "परवडत नसेल तर येऊ नका" हे उत्तर. कंत्राटी माणसाला असं सांगणं फार सोपं असतं हो, गेटपास काढून घेतला की झालं.

मला युनियन हवी ती एवढ्यासाठी. आज अर्जावर एकतीस सह्या झाल्या. आता कुणा एकीला बाजूला घेऊन दम देता येणार नाही.

परतताना बाणस्तारीच्या पुलावर मनात आलं, आज सगळ्यांना जमता आलं ते सुट्टी होती म्हणून. आणि ही रविवारची सुट्टी तरी कुठे आयती मिळाली? नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार तिच्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १८९० साली ती पदरात पडली.

उद्या पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्ही सहा जण अर्ज घेऊन ऑफिसात जातोय. बोलायला ताईच पुढे असतील, स्लिपा त्यांच्याकडेच आहेत.