आधी महिना, मग समुद्र

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये दर मार्चला, पेपर तपासणीच्या गठ्ठ्यांवरून निघतोच. "काय मॅडम, यंदा कुठल्या समुद्रात जाऊन राहिले?" आणि त्याच्या मागोमाग खरा प्रश्न येतो. एवढे देश, एवढी बेटं, त्यातून स्कुबासाठी, म्हणजे सिलिंडर लावून पाण्याखाली उतरायला, नवी जागा तुम्ही ठरवता कशी? आम्हाला जायचं असलं तर कुठं जावं? विचारणाऱ्यांत सहकारी असतात, जुने विद्यार्थी असतात. तारकर्लीला इन्स्ट्रक्टरचा हात धरून दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली राहून आलेली आणि तेव्हापासून स्वस्थ न बसलेली मंडळी तर असतातच.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. कुठल्याही बाजूला निघालं तरी खाऱ्या पाण्यापर्यंत पोचायला एक रात्र जाते आणि प्रवाळाच्या समुद्रात उतरायचं तर दोन विमानं बदलावी लागतात. पुण्याचा माणूस एखाद्या शनिवारी मालवण गाठून पाणी गढूळ आहे म्हणून रविवारी परत येऊ शकतो. आपल्याला ते परवडत नाही. म्हणून मी जागा सगळ्यात शेवटी ठरवते. आधी महिना बघते.

बहुतेकांचं उलटं असतं. कोणीतरी फोनवर मांटा रे या पंख पसरल्यासारख्या भल्यामोठ्या माशाचा व्हिडिओ पाठवतं, मग त्या जागेचं नाव मनात बसतं आणि मग ती जागा आपल्या सुट्टीत कोंबायचा खटाटोप सुरू होतो. समुद्र सुट्टी बघून वागत नाही. उष्ण कटिबंधात बहुतेक ठिकाणी पाणी बाराही महिने कोमट असतं, साधारण २७ ते ३० अंश, त्यामुळे 'कधीही जा' असं वाटतं. पण पाण्याखाली दिसणार किती, होडी निघणार की नाही, हे वारा ठरवतो. आणि वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे.

आम्हा शिक्षकांना दोनच दारं, दिवाळी आणि उन्हाळा. पण विदर्भातल्या शिक्षकाकडे एक गोष्ट आहे जी बाकीच्या महाराष्ट्राकडे नाही. ऊन उतरत नाही म्हणून आपल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तिकडे मुंबईची पोरं रेनकोट घालून वर्गात बसलेली असतात तेव्हा आपण मोकळे असतो. माझं सगळं गणित या जूनवर उभं आहे.

जूनमध्ये अंदमान मनातून काढून टाका. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, मलाही फार आवडतं, पण नैऋत्य मोसमी वारे आले की तिथला समुद्र खवळतो, बोटींचा भरवसा राहत नाही आणि पाण्यातलं दिसणं कमी होतं. अंदमानचे चांगले महिने साधारण डिसेंबर ते एप्रिल. नाताळच्या आठवड्यात रजा टाकता येणाऱ्यांनी खुशाल जावं. थायलंडच्या पश्चिमेची सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सरकारच बंद ठेवतं. मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी, सगळीकडे पावसाळ्यात कुलूप. लक्षद्वीपचंही तेच, वर परवान्याची खटपट.

मग उघडं काय असतं? डोंगराच्या, बेटाच्या किंवा खंडाच्या पलीकडची बाजू. जे वारे आपल्याकडे पाऊस आणतात तेच श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्याला झोडपतात, मधल्या डोंगरांवर पाऊस टाकून देतात आणि पूर्वेकडे उतरतात तेव्हा कोरडे झालेले असतात. त्यामुळे नैऋत्येचं हिक्कडुवा बंद असतं तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली उघडं असतं, साधारण मे ते सप्टेंबर. थायलंडमध्येही तसंच. अंदमान समुद्राची बाजू बंद, पण पूर्वेकडचं, थायलंडच्या आखातातलं को ताओ बेट त्या दिवसांत चालू असतं. आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला, बालीत, जून म्हणजे कोरडा ऋतू. शाळेत मोसमी वाऱ्यांचा धडा शिकवताना मी हे सांगते. पोरं म्हणतात, मॅडम फिरायला जायचं शिकवून राहिल्या. शिकवते खरी.

मालदीवचा वेगळा हिशोब आहे. तिथं पाऊस असतानाही डाइव्हिंग चालतं, फक्त बाजू बदलते. नैऋत्य वाऱ्यांच्या दिवसांत प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, प्लवकांनी, म्हणजे तरंगत्या बारीक जीवांनी, भरलेलं पाणी अटॉलच्या (कड्यासारख्या गोल प्रवाळबेटाच्या) पूर्व कडेला साचतं आणि ते खायला मांटा तिथं जमतात. बा अटॉलमधली हनिफारूची खाडी त्यासाठीच प्रसिद्ध. पण सिलिंडर लावून तिथं उतरायला मनाई आहे, मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे श्वासाची नळी, लावून वरूनच बघायचं. मांटा बघणं एवढीच इच्छा असेल तर स्कुबाचा कोर्ससुद्धा लागत नाही, हे मी अनेकांना सांगितलं आहे. ऐकणारे थोडे हिरमुसतात.

तर यंदाच्या जूनसाठी माझ्यापुढे दोन नावं उरली. त्रिंकोमाली आणि बालीतलं तुलांबेन. दोन्ही मला नवीन.

त्रिंकोमालीचा मोह मोठा आहे. समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोणेश्वराचं शिवमंदिर आहे. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, त्याचे कोरीव दगड आणि खांब कड्याखालच्या पाण्यात पडलेले आहेत आणि डाइव्हर तिथं जातात. देवदर्शनाची ही तऱ्हा माझ्या आईलाही पटली, पाण्यात घालायचे कपडे पटले नाहीत एवढंच. खाण्याचा प्रश्न नाही, तमिळ मुलूख आहे, इडली-डोसा मिळतो. चेन्नईहून कोलंबो आणि पुढे अडीचशे किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता. मात्र एक सांगते. डोंगर ओलांडून आलेला तो कोरडा वारा तिथं उतरतो तो तापून उतरतो, त्याला 'कच्चान' म्हणतात. नागपूरच्या जूनमधून पळून जाऊन तिथं पुन्हा गरम वारा तोंडावर घ्यायचा, याची तयारी हवी.

त्याच किनाऱ्यावर, बट्टिकलोआजवळ, हर्मिस नावाचं ब्रिटिश विमानवाहू जहाज आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बुडवलं. त्याचे फोटो पाहून लोक श्रीलंकेची तिकिटं काढतात. पण ते पन्नास मीटरहून खोल आहे. ओपन वॉटर हा पहिला कोर्स केलेल्याची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्डची ३०. म्हणजे हर्मिस तुमच्या-माझ्यासाठी नाही. आपल्या सर्टिफिकेटवर जेवढी खोली लिहिली आहे तेवढ्यातच त्या जागेचं सगळ्यात चांगलं मिळतंय का, हे विचारल्याशिवाय कुठल्याही नावाला भुलू नका.

तुलांबेनला हे जमून येतं. तिथलं जहाजही युद्धातलंच. लिबर्टी नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं जायबंदी झालं, ओढून नेता नेता पाणी भरलं म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर आणून टेकवलं. तिथं ते वीसेक वर्षं पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या धक्क्यांनी ते सरकून पाण्यात गेलं आणि किनाऱ्याला लागूनच आडवं झालं. आता त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरवर सुरू होतो आणि खालचा तीस मीटरच्या आसपास संपतो. होडीची गरज नाही, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. काठावर वाळू नाही, ज्वालामुखीचे काळे गोटे आहेत, त्यावर पाठीवर सिलिंडर घेऊन तोल सांभाळणं हीच त्यातली अवघड बाब. गावातल्या बायका सिलिंडर डोक्यावर घेऊन काठापर्यंत पोचवतात. भल्या पहाटे उतरलं तर डोक्यावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे जहाजाच्या आडोशाला दिसतात, बाकीची गर्दी नऊनंतर येते.

बाली म्हटलं की लोक लगेच शेजारच्या नुसा पेनिदा बेटाचं नाव घेतात. मांटा तिथं आहेत, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास मोला मोला हा भलामोठा चपटा मासा वर येतो. पण प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात उतरतं ते इंडोनेशियाच्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांनी, आणि त्यातली एक मोठी वाट, लोंबोकची सामुद्रधुनी, पेनिदाच्या दारातून जाते. नव्या माणसाला तो करंट झेपत नाही. शिवाय याच महिन्यांत खालचं थंड पाणी वर येतं, कधी कधी विसाच्याही खाली. इंडोनेशियातलंच कोमोडोही याच कारणासाठी मी पुढं ढकलत आले आहे. इंडोनेशियाच्या पूर्व टोकाच्या राजा अंपात बेटांचं नाव तुम्ही घ्याल हे ठाऊक आहे. जगातल्या ज्ञात कठीण प्रवाळ-जातींपैकी तीनचतुर्थांश तिथं आहेत म्हणतात ते खरं, पण त्याचा मोसम ऑक्टोबर ते एप्रिल आणि तिथल्या सोरोंग गावापर्यंत पोचून परत येण्यातच दिवाळीची सुट्टी संपेल. निवृत्तीनंतर.

आता एक गोष्ट जी माहितीपत्रकात नसते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांचं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादाच अंश जास्त, पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या आतलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. म्हणून पाच वर्षांपूर्वीच्या फोटोंवर मी जागा ठरवत नाही. डाइव्ह सेंटरला सरळ लिहिते, गेल्या महिन्यातला व्हिडिओ पाठवा, रंग न चढवता. जे टाळाटाळ करतात त्यांच्याकडे जात नाही. बुडालेल्या जहाजाकडे माझा कल झुकतो त्याचं हेही एक कारण. त्याच्यावरचं प्रवाळही पांढरं पडू शकतं, पण सांगाडा टिकतो आणि आडोसा शोधणारे मासे येत राहतात.

त्याच पत्रात आणखी विचारते. एका गाइडमागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर मी दुसरं सेंटर बघते. ऑक्सिजनचा संच जवळ आहे का, आणि सगळ्यात जवळचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डाइव्हनंतर त्रास झाला तर उपचाराची दाबाची खोली, कुठं? उत्तर देताना समोरचा चिडला तर तेही उत्तरच. विमा डाइव्हिंगचा वेगळा काढावा लागतो, नेहमीच्या प्रवासविम्यात तो असेलच असं नाही. दम्याचा, कानाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टर. मास्क स्वतःचा न्या, चष्मा असेल तर नंबरचा करून. बाकी सगळं तिथं भाड्यानं मिळतं आणि देशातल्या विमानात सहसा पंधरा किलोच्या वर सामान जास्तीचे पैसे न भरता नेता येत नाही.

आणि मग कोरडा दिवस. हा नागपूरकरांना सगळ्यात जास्त टोचतो. पाण्याखाली दाबामुळे शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. अनेक डाइव्ह झाल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही. मी पूर्ण दिवस धरते. उंच डोंगरावर जायचं तरी विमानासारखंच, कारण हवेचा दाब तिथंही कमी. त्रिंकोमालीत हा दिवस सुखात जातो. कोणेश्वराला जा, कन्नियाच्या गरम पाण्याच्या विहिरी बघा, सगळं समुद्रसपाटीला. बालीत मात्र ड्रायव्हर हमखास म्हणतो, परत जाताना वाटेत किंतामणी, ज्वालामुखी बघायची डोंगरावरची जागा, दाखवतो. ते सुमारे पंधराशे मीटरवर आहे. सकाळी तीस मीटर खाली आणि दुपारी पंधराशे मीटर वर, हे करायचं नाही, तो कितीही प्रेमानं म्हणाला तरी. किनाऱ्याच्या रस्त्यानं विमानतळाला यायचं.

माझी भाची नुकतीच ओपन वॉटर झाली आहे आणि यंदा ती सोबत आहे, म्हणून तुलांबेन. तिच्या अठरा मीटरमध्ये जहाजाचा बराचसा भाग येतो, करंट सहसा नसतो, होडीची मळमळ नाही. आठ दिवस मिळाले, त्यातले चारच पाण्यातले. जाण्यायेण्याचे दोन, एक कोरडा, आणि तिला किंतामणी बघायचंच आहे म्हणून एक तिथला. तो पोचल्याबरोबर दुसऱ्या दिवशी ठेवला आहे. ज्वालामुखी बघून खाली उतरायचं, आणि मगच सिलिंडर पाठीवर.